तीन फुटी टाकीत पाच मालक

प्रश्न: आम्ही कुडचड्याला दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतो. हॉलमध्ये ३ × १.५ × १.५ फुटांची माशांची टाकी आहे. दहा महिन्यांपूर्वी दोन ऑस्कर, एक फ्लॉवरहॉर्न, एक ग्रीन टेरर, एक जग्वार, दोन सिल्व्हर डॉलर आणि एक सकर असे आणले. तेव्हा सगळे दोन-तीन इंचांचे होते. मासा टाकीएवढाच वाढतो, असं दुकानात सांगितलं होतं. आता ऑस्कर आठ-आठ इंचांचे झालेत, फ्लॉवरहॉर्न सात, जग्वार पाच. गेल्या मंगळवारी सकाळी ग्रीन टेरर मेलेला दिसला, शेपटी अर्धी गायब. एका ऑस्करचा उजवा डोळा पांढरा पडलाय. सिल्व्हर डॉलर फिल्टरच्या मागून बाहेर येत नाहीत. आमचा संशय जग्वारवर आहे. ४ × १.५ × १.५ ची तयार टाकी मिळतेय, ती घेतली तर सगळे एकत्र राहतील का? सासरे म्हणतात, मानशीवरची, म्हणजे खाडीच्या बांधाच्या दारावर मिळणारी, काळुंदरं आणून सोडा, तीही याच जातीची. ती चालतील का?
एक वाचक, कुडचडे

नमस्कार,

नव्या टाकीचा विचार चार दिवसांनी केला तरी चालेल. मारणारा मासा मात्र आज संध्याकाळीच वेगळा करा, आणि आमच्या मते तो जग्वार नाही.

जग्वारची रीत गिळायची. तोंडात मावेल ते तो गिळतो आणि सकाळी टाकीत एक मासा कमी असतो, बस. तुमचा जग्वार पाच इंचांचा. जवळजवळ तेवढाच ग्रीन टेरर त्याला गिळता येण्यासारखा नव्हता आणि सात इंची फ्लॉवरहॉर्नसमोर तो कुणाला रात्रभर हाकेल हेही कठीण. अर्धी शेपटी हा पुरावा धरू नका. मेलेल्या माशाचे पर रात्रीतून बाकीचे कुरतडतात, सकरसुद्धा. जिवंत मासेच नीट पाहा. खोलीतला दिवा बंद करून टॉर्च तिरका धरा आणि एकेकाचे ओठ बघा. ज्याचे सगळे पर शाबूत आहेत पण ओठांच्या कडेवर पांढुरकं खरचटलंय, तो मारणारा. मार खाणाऱ्याचे ओठ धड असतात. त्याची शेपटी जाते, छातीचे पर जातात, डोळा जातो. शिवाय टाकीच्या मधोमध कोण फिरतो आणि कोपऱ्यात पृष्ठभागाशी नाक वर करून कोण उभा राहतो, तेही दहा मिनिटं खुर्ची टाकून पाहा. वरच्या कोपऱ्यात पर मिटून उभा असलेला मासा हवेसाठी तिथे गेलेला नसतो, हाकलला गेलेला असतो.

तो फ्लॉवरहॉर्नच निघेल, असं धरून पुढचं सांगतो. त्याला दुसरी टाकी मिळेपर्यंत आहे त्याच टाकीत आडोसा घाला. ५ मिमी जाडीची ॲक्रिलिकची शीट काचेच्या आतल्या मापाने कापून घ्या आणि तिला ८-१० मिमीची भोकं दोन-दोन इंचांवर पाडा, म्हणजे पाणी फिरत राहील. सगळेजण एक चूक हमखास करतात: शीट वाळूवर उभी करतात. हे मासे वाळू उपसणारे. दोन दिवसांत खाली फट पडते आणि सकाळी फ्लॉवरहॉर्न पलीकडे. म्हणून त्या रेषेतली वाळू बाजूला सारा, शीट थेट तळाच्या काचेवर टेकवा, दोन्ही बाजूंनी गोटे लावा आणि मगच वाळू ओढा. शीटची वरची कड झाकणापर्यंत यायला हवी. फ्लॉवरहॉर्नला एक फूट, बाकीच्यांना दोन. फिल्टर मोठ्या भागात ठेवा आणि एअर स्टोन फ्लॉवरहॉर्नच्या भागात. ही सोय पंधरा-वीस दिवसांची. वर्षभराचा संसार नव्हे.

तो वेगळा झाला की घरात शांतता नांदेल, असं मात्र समजू नका. थोरला दादा गेला की दोन-तीन दिवसांत धाकटा दादा उभा राहतो. धडधाकट ऑस्करवर नजर असू द्या.

आता डोळा. दोन्ही डोळे एकदम धुरकट झाले असते तर आम्ही आधी पाण्याला दोष दिला असता. एकच डोळा पांढरा म्हणजे बहुतेक मार किंवा दगडाचा घासा. या ऑस्करला ६० लिटर पाण्याच्या झाकणाच्या प्लॅस्टिक टबमध्ये हलवा. अर्धं पाणी टाकीतलं, अर्धं क्लोरीन काढलेलं ताजं. जुन्या फिल्टरमधला स्पंजाचा एक तुकडा आणि एअर पंप सोडा. मीठ घाला लिटरला २ ग्रॅम, म्हणजे या टबाला १२० ग्रॅम. मिठागरातलं साधं जाडं मीठ उत्तम, फक्त ते वेगळ्या भांड्यात विरघळवून अर्ध्या तासात थोडंथोडं ओता. रोज निम्मं पाणी बदला आणि जेवढं पाणी काढलंत तेवढ्याचंच मीठ परत घाला, म्हणजे ३० लिटरला ६० ग्रॅम. मीठ वाफेबरोबर उडून जात नाही. दर वेळी पूर्ण १२० ग्रॅम घालणाऱ्यांच्या टबात चार दिवसांत लिटरला जवळजवळ चार ग्रॅम होतं. आठवडाभरात पांढरेपणा उतरायला लागावा. डोळा फुगून बाहेर येत असेल किंवा मासा खाणं टाकून काळवंडत असेल तर मग औषधाचा प्रश्न येतो, आणि तोही टबातच. निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्ल्यू, मोठ्या टाकीत ओतू नका. त्याने फिल्टरमधले घाण पचवणारे जिवाणू मरतात आणि एका माशाच्या डोळ्यापायी सगळी टाकी आजारी पडते.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. तीन फुटी टाकी बाहेरून मोजली तर १९० लिटरची. पण तुमच्याकडे तीन इंच वाळू असेल आणि वर दोन इंच रिकामे सोडले असतील, तर पाण्याची उंची उरते तेरा इंच. साडेचार चौरस फूट तळ, त्यावर तेरा इंच पाणी: १३८ लिटर. गोटे, पाइप काढा, सव्वाशे-एकशेतीस. एवढ्या पाण्यात आठ मासे, त्यातले पाच असे की प्रत्येकाला आख्खी टाकी आपली वाटते.

‘मासा टाकीएवढाच वाढतो’ हे वाक्य या धंद्यात फार जुनं आहे. त्यातलं अर्धसत्य एवढंच की घाण पाण्यात मासा खुरटतो. काचेला पाहून तो वाढ आवरत नाही. साचलेलं नायट्रेट, कमी प्राणवायू आणि सततची भीती त्याला वाढू देत नाहीत. खुरटलेला ऑस्कर ओळखता येतो: धड आखूड, डोळा मात्र मोठा. नीट वाढलेला ऑस्कर वर्षाच्या आत दहा इंचांवर जातो, पुढे बारा-तेरा इंचांवर थांबतो आणि दहा-पंधरा वर्षं जगतो. तुमचे आठ इंचांचे म्हणजे जरा मागे पडलेत, पण पाणी सुधारलं तर अजून वाढतील.

म्हणून लिटरपेक्षा आधी एक वेगळंच माप घ्या: टाकीची रुंदी, म्हणजे पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंतचं अंतर. तेरा इंचांच्या माशाला दीड फूट रुंदीत वळायचं तर शरीर वाकवून, शेपटी काचेला घासत वळावं लागतं. दोन ऑस्कर समोरासमोर आले तर एकाला बाजूने निघून जायला वाट नाही, आणि ज्याला वाट नाही तो मारतो किंवा मरतो. दोन फूट रुंदी मिळाली की ही अर्धी भांडणं आपोआप मिटतात. उंचीचा या माशांना फारसा उपयोग नाही. अडीच फूट उंच, दीड फूट रुंद टाकी दिवाणखान्यात रुबाबदार दिसते, पण माशाच्या दृष्टीने ती विहीर.

तुम्हाला मिळतेय ती ४ × १.५ × १.५ ची टाकी, बाहेरून २५५ लिटरची, वाईट नाही. ती घ्या आणि त्यात फ्लॉवरहॉर्न ठेवा. एकटा. सोबतीला सिल्व्हर डॉलर नको, पॅरट मासा नको, ‘लहान असल्यापासून एकत्र आहेत’ असा कुणीही नको. फ्लॉवरहॉर्न निसर्गात नाहीच. १९९० च्या दशकात मलेशियात मध्य अमेरिकेतल्या सिक्लिडांच्या (ऑस्कर, जग्वार, ग्रीन टेरर याच कुळातले) संकरातून तो घडवला गेला. त्याचे पूर्वजच मुळात हद्दीवरून भांडणारे. त्यावर माणसांनी निवड केली ती डोक्याच्या उंचवट्याची, रंगाची आणि काचेवर बोट ठेवलं की चालून येणाऱ्या स्वभावाची. त्या स्वभावासाठीच आपण तो विकत घेतो आणि मग त्याने शेजारी मारला की नवल करतो.

ऑस्करांसाठी ५ × २ × २. सहा फुटी आणखी बरी, पण तुम्ही दुसऱ्या मजल्यावर आहात म्हणून पाचवर थांबायला सांगतो. हिशोब बघा. दीड इंच वाळू आणि वर अडीच इंच मोकळे सोडले तर पाणी साधारण ४७० लिटर, म्हणजे ४७० किलो. १२ मिमी काचेची टाकी १०० किलोंच्या वर. वाळू ५०-५५, लोखंडी स्टँड ६०. सगळं मिळून ७०० किलोंच्या आसपास, आणि तेही जेमतेम दहा चौरस फुटांवर. घरांच्या स्लॅबचा आराखडा करताना वापराचा भार चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरतात. इथे टाकीखाली तो साडेसातशेच्या घरात जातो. याचा अर्थ उद्या स्लॅब कोसळेल असा नाही, कारण तो भार खोलीभर धरलेला असतो. पण टाकी खोलीच्या मध्यावर किंवा बाल्कनीच्या बाहेर आलेल्या भागावर ठेवायची नाही हे नक्की. खाली बीम आहे अशा भिंतीला लागून, स्टँडची लांबी बीमच्या दिशेने ठेवा आणि आगाऊ देण्यापूर्वी इमारतीच्या इंजिनिअरला एकदा विचारा. गावातल्या जुन्या घराच्या माडीवर, लाकडी तक्तपोशीवर, ही टाकी ठेवूच नये.

काच १२ मिमी, वरच्या कडेने आतून पट्ट्या आणि मध्ये एक आडवी पट्टी. स्टँडवर आधी प्लायवूड, त्यावर १२ मिमी थर्माकोल, त्यावर टाकी. लेव्हल बाटलीने चारही बाजू तपासा. सिलिकॉन नवं असेल तर आठ दिवस सुकू द्या, मग काठोकाठ पाणी भरून दोन दिवस नुसतं उभं ठेवा. सगळ्या सांध्यांवरून कोरडा टिश्यू फिरवा. घाई झाली तर ४७० लिटर पाणी खालच्या मजल्यावरच्यांच्या हॉलमध्ये.

फिल्टरसाठी आमचं मत सम्पच्या बाजूने. स्टँडमध्ये ३ × १ × १ फुटांची दुसरी टाकी बसते. पहिल्या खणात फिल्टर वूल आणि जाड स्पंज, मधल्यात सिरॅमिक रिंग किंवा बायो बॉल, शेवटच्यात पंप आणि हीटर. ऑस्कर हीटर फोडतो. सम्पमध्ये तो सुरक्षित राहतो. गोव्यात हीटर लागतो तो डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेपुरता, २६ अंशांवर लावून ठेवला की झालं. पंपाच्या खोक्यावरचा आकडा हा शून्य उंचीचा असतो, हे लक्षात ठेवा. ४००० लिटर लिहिलेला पंप पाच फूट वर पाणी चढवताना बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास देतो. तुम्हाला टाकीत प्रत्यक्ष ताशी २०००-२५०० लिटर पोचायला हवेत, म्हणून खोक्यावर ४००० चा आकडा मागा.

सम्पचा खरा घोटाळा वीज गेल्यावर होतो. पंप बंद पडला की वर चढवणाऱ्या पाइपातून पाणी उलटं वाहू लागतं आणि पाइपाचं तोंड उघडं पडेपर्यंत टाकी सम्पमध्ये रिकामी होते. पाइपाचं तोंड सहा इंच खोल बुडवलं असेल तर पाच बाय दोन फुटांच्या टाकीतून जवळजवळ १४० लिटर खाली येणार, आणि सम्प मुळात ८५ लिटरचा. बाकीचं फरशीवर. त्यासाठी पाइपाला पाण्याच्या पातळीच्या जेमतेम अर्धा इंच खाली ५ मिमीचं भोक पाडा. पातळी तिथवर उतरली की हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. भोक शेवाळाने बुजतं, तेव्हा पंधरवड्याला टूथपिक फिरवा. आणि सगळं जोडून झाल्यावर स्वतः स्विच बंद करून, सम्प कुठवर भरतो ते डोळ्यांनी पाहा. जूनमधल्या पहिल्या वादळी रात्री ते पाहायची वेळ येऊ नये.

वीज गेल्यावर दुसरी अडचण प्राणवायूची. २५ अंशांच्या पाण्यात लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसात. म्हणजे आपल्या उकाड्यात आधीच तो कमी, त्यात दोन मोठे मासे. बॅटरीवर आपोआप सुरू होणारा एअर पंप किंवा घरच्या इन्व्हर्टरवर एक साधा एअर पंप असलाच पाहिजे. तुमच्या चार फुटी टाकीला कॅनिस्टर, म्हणजे बंद डब्याचा फिल्टर, लावलात आणि वीज चार-पाच तास गेली, तर कॅनिस्टर तसाच सुरू करू नका. बंद डब्यातल्या जिवाणूंना हवा मिळत नाही, आतलं पाणी कुजतं. ते ओतून टाका, टाकीतल्याच पाण्याने आतला माल हलका खळबळून घ्या, मग चालू करा.

आता कोण कुणाबरोबर. पाच फुटी टाकीत तुमचे दोन ऑस्कर आणि सिल्व्हर डॉलर. सिल्व्हर डॉलर दोन असले की भेदरून फिल्टरमागेच राहतात. हा थव्यातला मासा, तेव्हा त्यांचे पाच करा. नवे आणताना किमान चार इंचांचेच आणा, दोन इंची आणलेत तर ऑस्करला खाऊ आणल्यासारखं होईल. उंच, चपट्या अंगामुळे ते गिळायला अवघड आणि पळायला चपळ, म्हणून ही जोडी जमते. ऑस्करांत नर-मादी बाहेरून ओळखता येत नाही, त्यामुळे तुमचे दोघे जोडीच आहेत असं मानू नका. एखाद्या दिवशी दोघं मिळून सपाट दगड तोंडाने घासून साफ करू लागले तर अंडी येणार आहेत असं समजा. त्या दिवसांत सिल्व्हर डॉलर टाकीच्या एका टोकाला ढकलले जातील, मारले सहसा जाणार नाहीत.

पुढे सोबत हवीच असेल तर दोन मोठे पॅरट. या संकरित माशाचं तोंड पूर्ण मिटत नाही, चावा नीट बसत नाही. धटिंगण वाटला तरी फार इजा करू शकत नाही. सेव्हरम स्वभावाने चालेल, पण पाच फुटांत आम्ही त्याला जागा देणार नाही.

जग्वार परत द्या किंवा सहा फुटी टाकी असलेल्या कुणाला तरी. आज तो सगळ्यात गरीब दिसतोय, हे त्याचं वय. निकाराग्वाच्या बाजूचा हा मासेखाऊ मासा घरच्या टाकीतही फूट-सव्वाफूट होतो, आणि तेव्हा ऑस्कर त्याच्यापुढे मवाळ ठरतो. आफ्रिकन सिक्लिडांच्या टाकीत ‘मासे जास्त भरले की मार वाटला जातो’ ही युक्ती चालते. ती चार-पाच इंचांच्या मलावी माशांची, तीही दणदणीत फिल्टरच्या जोरावर. फूटभर लांबीच्या माशांना ती लावली तर मार वाटला जात नाही, एकेक करून सगळ्यांना मिळतो. मलावीचे मासेही यांच्यात मिसळू नका. त्यांना जड, अल्कधर्मी पाणी लागतं आणि खाणंही वेगळं.

आणि सकर. त्याला सफाई कामगार समजून ठेवलाय ना? साधा बाजारातला सकर दीड फुटापर्यंत जातो, ऑस्करची विष्ठा खात नाही, स्वतःची भरपूर करतो. मोठा झाला की रात्री चपट्या माशांच्या अंगावरचा चिकट थर ओरबाडायची त्याला सवय लागू शकते. कुशीवर गोल, फिकट डाग दिसले तर तो डाग सकरचा. लहान सकर ठेवणं त्याहून वाईट. ऑस्कर गिळायला जातो, सकर काटे ताठ करतो आणि दोघेही अडकून मरतात. तोही दुकानात परत करा.

हलवताना क्रम पाळा. नव्या टाकीत फिल्टरचे जिवाणू तयार व्हायला चार-सहा आठवडे लागतात. आपल्या उबदार पाण्यात आणि जुन्या फिल्टरचा मळका स्पंज सम्पमध्ये टाकला तर बरेच कमी, पण अमोनिया आणि नायट्राइट (माशांच्या घाणीतून होणारी विषं) तपासणीत दोन्ही शून्य दाखवल्याशिवाय ऑस्कर नकोत. स्पंज नळाखाली धुतलात तर क्लोरीनने त्याचा काही उपयोग उरत नाही. आधी सिल्व्हर डॉलर सोडा. दहा दिवसांनी, संध्याकाळी दिवे बंद करून, दोन्ही ऑस्कर एकाच वेळी. डोळ्याचा ऑस्कर मागे राहिला असेल तर तो बरा होईपर्यंत दुसऱ्यालाही जुन्या टाकीतच थांबवा. आधी गेलेला मालक होतो, नंतर आलेला घुसखोर. पुढे कधी एखाद्याला परत सोडायची वेळ आलीच तर आतल्यालाही तासभर बाहेर काढा, गोटे-पाइप सगळे नव्या जागी मांडा, मग दोघांना बरोबर सोडा.

मांडणीसाठी आपला चिरा, म्हणजे जांभा दगड, वापरू नका, कितीही सुंदर दिसला तरी. खरखरीत कडांवर अंग घासून मासा सोलवटतो आणि तांबडी माती सुटत राहते. नदीतले गोल गोटे बरे. ते तळाच्या काचेवर पातळ प्लॅस्टिकची शीट घालून त्यावर ठेवा आणि वाळू शेवटी भरा. वाळूवर ठेवलेला गोटा मासा खालून पोखरतो आणि तो काचेवर आदळतो. चार फुटीत फ्लॉवरहॉर्नला १६० मिमी पीव्हीसी पाइपाचा फूटभर तुकडा द्या, कापलेली कड सँडपेपरने घासून. दोन्ही टाक्यांना जड झाकण हवंच. ऑस्कर उडी मारतो.

पाणी. तुमच्याकडे नळाला साळावली धरणाचं पाणी येतं, म्हणजे क्लोरीन घातलेलं. गच्चीवरच्या टाकीत एक-दोन दिवस राहिलं की क्लोरीन उतरतं, पण भरवसा ठेवू नका. सोडियम थायोसल्फेटचे खडे १०० लिटरला दीड ग्रॅम या हिशोबाने. नळी थेट टाकीत सोडणार असाल तर पूर्ण टाकीच्या पाण्याचा हिशोब धरा. आठवड्याला ४० टक्के पाणी बदला, म्हणजे १९० लिटर. बादल्यांनी करायला गेलात तर महिन्याभरात कंटाळून सोडाल. बाथरूमपर्यंत पोचेल एवढी लांब नळी घ्या, सायफनने काढा, छोट्या पंपाने भरा. नायट्रेट लिटरला २० मिलिग्रॅमच्या आसपास ठेवायचा प्रयत्न करा, ४० च्या वर गेलं की पाणी जास्त बदला. ऑस्करच्या डोक्यावर टाचणीने टोचल्यासारखी छिद्रं पडतात ना, त्यामागे बऱ्याचदा हेच साचलेलं पाणी आणि निकृष्ट खाणं असतं.

इमारतीत विहिरीचं पाणी मिसळत असेल तर पीएच तपासा. चिऱ्याच्या जमिनीतलं विहिरीचं पाणी बहुधा मऊ आणि आम्लधर्मी असतं, पीएच सहाच्या खालीही सापडतो. मोठे मासे असलेल्या टाकीत पीएच आणखी घसरत जातो आणि सहाच्या खाली फिल्टरचे जिवाणू मंदावतात. यावर उपाय आपल्या स्वयंपाकघरातच आहे. तिसऱ्यांच्या रिकाम्या शिंपा उकळून, घासून, वाळवून अर्धा किलो जाळीच्या पिशवीत भरा आणि सम्पमध्ये ठेवा. त्यातला चुना हळूहळू सुटतो. पण आधीच अमोनिया साचलेला असेल तर पीएच झटकन वर नेऊ नका. ३० अंशांना पीएच ७ वरून ८ वर गेला की अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दसपट होतो. आधी पाणी बदला, मग शिंपा.

खाण्याबद्दल थोडक्यात: चांगले तरंगणारे पेलेट, दिवसातून दोनदा, मिनिटभरात संपतील एवढेच. आठवड्यातून एकदा ताजी सुंगटं, मीठ न लावलेली. तारले, बांगडे नकोत, तेलाने पाण्यावर तवंग येतो. जिवंत गोल्डफिश तर नकोच. रोग येतात, आणि त्यांच्यातल्या थायमिनेजमुळे जीवनसत्त्व ब-१ नष्ट होतं.

राहिली सासऱ्यांची काळुंदरं. ते बरोबर सांगताहेत. काळुंदर खरोखरच सिक्लिड आहे, आणि भारतातले मूळचे सिक्लिड अवघे तीन, त्यातलं हे सर्वांत मोठं. पण कूळ एक म्हणून स्वभाव एक नाही. काळुंदर खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीतल्या, मचूळ पाण्यातलं, शेवाळ-वनस्पती खाणारं, थव्याने फिरणारं. गोड्या पाण्यात तग धरतं, पण ऑस्करसमोर खाण्याला पोचणार नाही आणि फ्लॉवरहॉर्नसमोर दिवसभरही टिकणार नाही. शिवाय मानशीतून आणलेल्या माशाबरोबर त्याचे परजीवी येतात. पोरांना आवडत असेल तर जुन्या तीन फुटीत मचूळ पाणी करून दोन-तीन लहान काळुंदरं वेगळी ठेवता येतील. मोठी झाली की सासऱ्यांना विचारा, रेशाद मसाला त्यांच्याकडे असेलच. उलटं मात्र करू नका. नको झालेला जग्वार किंवा सकर जुवारी नदीत, तळ्यात, खाजनात सोडायचा नाही. जग्वार सिंगापूर आणि फिलिपिन्समध्ये असाच बाहेर पडून स्थिरावलाय, आणि तो इथे आला तर काळुंदराची पिल्लं त्याच्या तोंडात अगदी व्यवस्थित मावतात.

चवथीला गावच्या घरी जाणार असाल तर आदल्या दिवशी पाणी बदला, सम्पचं फिल्टर वूल धुवा, बॅटरी चार्ज करा. पाच-सहा दिवस उपाशी राहिल्याने आठ इंची ऑस्करला काही होत नाही. शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवा ती वीज आणि पाण्याची पातळी बघायला. पेलेटचा डबा कपाटात बंद करून जा.